चार बोटांची दुमड

"स्कर्टच्या खाली चार बोटं दुमड कशाला? एक बोट पुरे, कापड वाचेल," मालक म्हणाले.

सात रस्त्याजवळच्या त्या गणवेशाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर ऑर्डरी भरायचे. शिवणाऱ्या बायकांच्या प्रमुखांचं नाव मला आजही ठाऊक नाही. सगळे त्यांना अक्का म्हणत. बोलायच्या आधी त्या मशीनच्या चाकावर तळहात ठेवून ते थांबवत. तेव्हाही थांबवलं आणि बायकांकडे वळल्या.

"पोरगी उंच झाली की तिची आई ही दुमड उसवंल. तवा तिनं आपलं नाव काढलं, तर हा कारखाना तुमच्या सुनांच्या काळातबी चालंल."

"आमची सून न्हाय यायची शिवायला, अक्का!"

"मग मालकीण हून येऊ दे की!"

सगळ्या हसल्या. मालक हसले नाहीत. "उद्यापासून इथे दुसरी प्रमुख बघतो." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगा यांना किती कापड वाचतं ते."

अक्कांसारखं इतक्या पुढचं कुणी इतक्या सहज बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. वाचणाऱ्या कापडाचा आकडा माझ्या स्क्रीनवरच होता.

"सर," मी म्हणाले, "माझा शाळेचा स्कर्ट आई दर जूनमध्ये उसवून लांब करायची. दुमड राहू द्या. अक्कांनाही."