ताईंनी जोडून घेतलेली सायकल

हुडको कॉलनीतून ताईंच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चरोद्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कणीक मळत होते. "भाभी, दीदी उठ नहीं रही हैं," एवढंच ती म्हणाली. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. झोपेतच गेल्या. वसुधाताई माझ्या थोरल्या नणंद. यजमान लवकर गेले, मुलगा अमोल हैदराबादला, आणि ताई स्वतः इथल्या स्टील प्लांटच्या हिशेब खात्यात आयुष्यभर कारकुनी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, किती साध्या होत्या, कधी काही मागितलं नाही... मी मान हलवत होते. खरं तर ताईंनी एक गोष्ट फार मनापासून मागितली होती. पण मागताना त्यांना इतकी लाज वाटली होती, की ती माझ्याशिवाय कोणालाच कळली नाही.

निवृत्तीनंतर ऑफिसच्या बायकांबरोबर त्या दल्ली राजहऱ्याला सहलीला गेल्या होत्या. तिथल्या डोंगरावरून काही मुली जाड टायरच्या सायकलींवर खडबडीत वाटेने खाली येताना त्यांनी पाहिल्या. परत आल्यावर आठवडा गेला. मग माझ्याकडे येऊन चहा पिता पिता, कपात बघत म्हणाल्या, "सुनंदा, मले तशी सायकल पाहिजे."

मला वाटलं, व्यायामासाठी. म्हटलं, "घ्या ना जी ताई, गुडघ्यालेही बरी."

"गुडघ्यासाठी नाही वं. मले तिथून खाली यायचं आहे."

त्यांचे कान लाल झाले होते. चोरी पकडल्यासारखा चेहरा. आणि मला तरी काय झालं होतं? मी उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. घरात दुसरं कोणी नव्हतं तरी.

आम्ही दोघी सायकलच्या मोठ्या दुकानात गेलो. काचेमागे तयार सायकली ओळीने उभ्या होत्या. दुकानदाराने आमच्याकडे पाहून विचारलं, "बेटे के लिए?" ताईंनी लगेच "हाँ" म्हटलं. मग त्याने उंची विचारली. अमोल उंच आहे, तेवढीच यांनी सांगितली. साहजिकच त्याने काढली ती सायकल बुटक्या ताईंच्या छातीपर्यंत येत होती. तो गिअर, ब्रेक सगळं समजावून देत राहिला. ताई हँडलवरून हात फिरवत ऐकत राहिल्या, आणि शेवटी "बेटे को पूछकर बताते हैं" म्हणून बाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "एक छोटी होती कोपऱ्यात. निळी. पाहिली का तू?" मी पाहिली होती. परत आत जाऊ, असं मात्र दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही.

मग त्यांनीच तोड काढली. तयार सायकल घ्यायचीच नाही, एकेक भाग आणून जोडून घ्यायची. लोक सायकल अशी जोडून घेतात ते हवी तशी मिळावी म्हणून. ताईंचं कारण वेगळं होतं. "अख्खी सायकल दारात उभी राहिली की सारी गल्ली विचारन," त्या म्हणाल्या. "सुट्या भागाले कोण विचारते?" फ्रेम चादरीत गुंडाळून आली. चाकं रिक्षातून, अंधार पडता पडता. पेडलची जोडी तर भाजीच्या पिशवीत, वर मेथी. कुरिअरवाल्याला पत्ता माझा दिला होता. पुढच्या चाकाच्या फोर्कचं लांबलचक खोकं आलं तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं की पडद्याचे रॉड आहेत.

जोडायला खुर्सीपारमधले सायकल मिस्त्री इक्बालभाई यांच्याकडे द्यायचं ठरलं, कारण तिकडे आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं. मागच्या चाकाचा टिकटिक आवाज कमीत कमी यावा, एवढीच ताईंची अट. सगळं जुळलं, आणि इक्बालभाई म्हणाले, "जिसकी है उसको लाइए. बिना बिठाए सीट की ऊँचाई कैसे लगाऊँ?" ताई म्हणाल्या, भाचीची आहे, ती माझ्याएवढीच आहे. "एवढीच म्हणजे?" असं त्यांनी तोंडाने विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मी रस्त्याकडे बघत होते, कोणी ओळखीचं तर येत नाही ना. वळून पाहते तर ताईंनी पर्स जमिनीवर ठेवली होती, ओढणी कमरेला बांधली होती, आणि त्या सायकलवर चढत होत्या. डोळे घट्ट मिटलेले. इक्बालभाईंनी पाना उचलला. खाली वाकून सीटची उंची लावायला लागले.

त्यानंतर उजाडायच्या आत, तोंडाला स्टोल बांधून, मागच्या दाराने ताई बाहेर पडायच्या. कुरुदकडच्या कच्च्या वाटांवर शिकल्या. एकदा कोपर फुटलं, तर सगळ्यांना सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. आणि हिवाळ्यात एके दिवशी आम्ही पिकअप भाड्याने करून राजहऱ्याला गेलो.

मी उताराच्या तळाशी उभी होते. वरून ताई निघाल्या... बऱ्या येत होत्या. तेवढ्यात मधल्या वळणावर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या तीन-चार बायका आल्या आणि थांबून बघायला लागल्या. ताईंनी ब्रेक दाबला, उतरल्या, आणि सायकल हातात धरून, खाली मान घालून चालायला लागल्या. मला इतकं वाईट वाटलं. एवढं सगळं लपवूनछपवून इथपर्यंत आणलं, आणि इथेही तेच. त्या बायकांतली एक ओरडली, "काबर उतर गेस दाई? चलाव न!" का उतरलीस माय, चालव ना!

ताई थांबल्या. मग सायकल वळवून पुन्हा वर चढवत नेली, पार टोकापर्यंत, आणि तिथून न थांबता खाली आल्या. बायका मोळ्या खाली ठेवून बघत होत्या. तळाशी येऊन ताई मातीत बसल्या, ओढणीत तोंड खुपसलं. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. आणि हसता हसताच म्हणाल्या, "अमोलले सांगशील नको हं."

मी नाही सांगितलं. तेराव्यानंतर ताईंचं घर आवरताना मागच्या खोलीत, जुन्या साड्यांच्या आडोशाला त्याला ती सापडली. "मामी, ही सायकल कोणाची?" मी सगळं सांगितलं. सांगताना तोंड वर करवेना, जणू ताईंचं काही भलतंच उघड करत होते. तो ऐकून म्हणाला, "मले बोलली असती तर मीच घेऊन दिली असती ना. बेस्टवाली."

"तयार दिली असती रे. घरपोच. साऱ्या गल्लीसमोर खोकं उघडलं असतं."

तो सायकलशेजारी जमिनीवर बसला. हाताने पेडल फिरवत म्हणाला, "नाही मामी. पहले तर मी हसलो असतो." आणि त्याने तोंड फिरवून घेतलं.

हैदराबादला परतण्याआधी त्याने सायकल पुढच्या बैठकीत आणून ठेवली. आठवड्यातून एकदा मी खिडक्या उघडायला तिथे जाते. परवा शेजारीण आत आली, म्हणाली, "भाभी, ये किसकी है?"

"दीदी की," मी म्हटलं. माझा चेहरा तापला. अजूनही, ताई गेल्यावरही, तापला.

ती हसेल असं वाटलं होतं. तिने ब्रेक दाबून पाहिला, मग सीटवर तळहात ठेवला. सीट तिच्या कमरेच्याही खाली होती. "इतनी नीची..." ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. "हाँ. उन्हीं की है."