फिनाइलनं मारलेली टाकी

नागपूरला नर्सचं शिक्षण घेऊन मी चिखलीजवळच्या एका लहान दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं. फिनाइलवर माझा भारी विश्वास. दवाखान्यामागे सांडपाण्याची बंद टाकी होती. संडासाचं, मोरीचं पाणी तिच्यात जाई आणि पुढे दगडगोट्यांच्या थरातून झिरपून शेजारच्या माळणीच्या वांग्यांना मिळे. एकदा झाकण उघडून पाहिलं, तर वर काळी, जाड साय. मला शिसारी आली. आठवडाभर रोज बादलीभर फिनाइल मी स्वतः ओतलं.

मग एका सकाळी माळीण दारात उभी. "बाई, पाण्याले काऊन असा वास येऊन राह्यला? जीव मळमळला माहा."

बाहेर पडणारं पाणी काळंकुट्ट होतं. डॉक्टरसाहेबांनी टाकी उघडली आणि नाकाला रुमाल लावून माझ्याकडे वळले. "यात काय टाकलंत?"

"फिनाइल. साफ केली मी."

"साफ? अहो, सगळ्यांना मारून टाकलंत!"

कुणाला मारलं मी?

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. टाकीतल्या पाण्याचा थेंब निपचित होता. मग जिथवर फिनाइल पोचलं नव्हतं, अशा बाहेरच्या दगडगोट्यांतल्या एका कडेच्या गोट्यावरचा बुळबुळीत थर खरवडून त्यांनी काचेवर ठेवला. मी डोळा लावला आणि किंचाळून उठलेच. तो थेंब जिवंत होता! काही वळवळत होते, काही गरगरत होते, काही नुसतेच ठिपके, पण थरथरणारे.

"हे घाण खातात, म्हणून पाणी निवळतं," साहेब म्हणाले. "आपण फक्त टाकी बांधली."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जंतू म्हणजे शत्रू, एवढंच मी शिकले होते.

दुसऱ्या दिवशी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बंगल्यातल्या टाकीचा जिवंत गाळ बैलगाडीनं आणला. डबे मीच धरून बसले. गाडीवान अंग चोरून बसला होता. टाकीतलं फिनाइलचं पाणी उपसून शेताबाहेरच्या खड्ड्यात टाकलं, नवं पाणी भरलं आणि वरून तो गाळ सोडला. महिना-दीड महिन्यानं वास गेला.

त्यानंतर पुन्हा एक थेंब मी काचेखाली पाहिला. वळवळ पाहताच अंगावर तसाच काटा आला. पण या वेळी मी उठले नाही, बराच वेळ पाहत राहिले.