मीठ जास्त झालं तेबी मेलमधी

मेसवाल्याकडं किस्से कामून साचतेत म्हणताव? अहो, माणूस भुकेला असला की खरं बोलतो अन् जेवला की लई बोलतो. दोन्ही टायमाला समोर मीच उभा! त्यात आमच्या मेसनं मेल पाठवायला सुरू केलं, तवापासून तर किस्से सांगावं तेवढे कमीच बगा.

मी किल्लारीकडचा. शाळा चौथीपर्यंत. भूकंपात घर गेलं. पत्र्याच्या शेडमधी साऱ्या वस्तीचं जेवण रांधायला लागलो, तिथं इस्माईलभाई भेटला. लातूरचा, लग्नाच्या देगा उतरवणारा आचारी. मदतीला म्हणून आलता. पुढं लातूरला क्लासेस निघाले, गल्लोगल्ली पोरंच पोरं, तवा दोघांनी मिळून मेस टाकली. दीडशे ताटं उठायची. मंग समोर एक एसीवाली मेस आली अन् आमची ताटं साठवर!

इस्माईलभाईची पोरगी सलमा बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर शिकलेली. ती म्हणली, "मामा, समोरचे पालकाला मेल पाठवतेत. आपुनबी पाठवू. ह्या अ‍ॅडमिशनला ताटं वाढली न्हाईत तर कुलूपच लावायचं हाय."

मी म्हणलं, "पाठव. पण खोटं लिव्हायचं न्हाई."

*

पहिलं मेल एका पाँप्लेट छापणाऱ्यानं लिव्हून दिलं. 'आदरणीय पालक, आमचे येथे सात्त्विक, पौष्टिक व घरगुती भोजन...' माझं टाळकंच फिरलं. "घरगुती? पाचशे पोळ्या कोणाच्या घरी होतेत रे? तुझ्या?" तो गेला तो आलाच न्हाई.

पण मेल तर जाऊन बसलतं. क्लासच्या फॉर्मवरनं पालकाचे जेवढे पत्ते मिळाले तेवढ्याला. उत्तर कोणाचंच न्हाई. फक्त उमरीवरनं एक फोन, सायबरवाल्याचा. "मामा, तुमचं एकच मेल मला एकोणीस येळा आलंय. बास करा!"

झालतं असं की उमरीकडच्या बापाला मेल कुठनं असणार? क्लासचे फॉर्म ह्याच्याच दुकानात भरले, अन् मेलच्या रकान्यात ह्यानं सगळीकडं आपलाच पत्ता ठोकला!

मी तापलो. "एकोणीस पोरांचा बाप हाईस व्हय रे तू?"

गडी थंड. "तसंच समजा. फॉर्म मीच भरलेत ना!"

पुढं तो आमच्या मेलची प्रिंट काढून दुकानाच्या काचंला चिकटवायला लागला. बाजाराच्या दिवशी लोक उभं राहून वाचायचे. सलमा म्हणली, "मामा, हा एक पत्ता समोरच्याच्या शंभराला भारी हाय."

*

एक दिवस भाजी तोंडात घालवंना. मी इस्माईलभाईवर वरडून राहिलो, अन् सलमा मधीच विचारती, "मामा, आजच्या मेलमधी काय लिव्हू?"

"लिव्ह! तुझ्या बापानं मीठ दोनदा टाकलं. पोरं पाणी पिऊन पिऊन फुगलेत. संध्याकाळी शिरा करून भरपाई करतो म्हणाव!"

लिव्हलं की तिनं! फक्त 'तुझ्या बापानं' काढून 'आमच्या आचाऱ्यानं' केलं. गेलं मेल. दुसऱ्या दिवशी अकरा उत्तरं! नांदेडच्या एका मास्तरनं लिव्हलं, 'पहिल्यांदाच कोणी खरं कळवलं. शिरा झाला का?'

इस्माईलभाई दोन दिवस बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी झारा आपटत आला. "बडा जालिम हाय तू! मीठ ज्यादा झालं तर साऱ्या मुलखाला, अन् ताहरीचा भात जमला तर कोणालाच न्हाई?"

बरोबर होतं गड्याचं. त्या दिवशी मेल गेलं, 'आज इस्माईलभाईची ताहरी अशी झाली की पोरांनी देग धुवायला ठिवली न्हाई.' त्यानं त्याची प्रिंट काढून घेतली. घडी करून खिशात. शर्ट बदलला की प्रिंट नव्या शर्टात!

*

सलमा कुठंतरी शिकून आली. म्हणं मेलचा सब्जेक्ट असा पायजे की माणसानं उघडल्याबिगर राहू न्हाई.

त्याच आठवड्यात निलंग्याच्या एका पोरानं दोन दिवस ताट सारून दिलं. टेस्टमधी मार्क कमी आलते. मी म्हणलं, "त्याच्या घरी कळव. सब्जेक्ट लिव्ह, 'तुमच्या पोरानं जेवण टाकलंय.'"

पोरीनं बटन दाबलं. एकाला जायचं ते मेल गेलं साठ घरी!

पाच मिनिटात फोन सुरू. एक ठिवला की दुसरा. दुपारी औशाचे, उदगीरचे येऊन धडकले. सांजच्याला बिलोलीवरनं एक जीप भरून आली. आया उतरल्या त्या रडतच! "कुठं हाय माझं लेकरू?" लेकरू आत पाचवी पोळी खायलालं!

सलमा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. "मामा, चुकलं माझं." मी असा पेटलतो, तोंड उघडलंबी. तेवढ्यात आत नजर गेली. निलंग्याची माय आलती. मिसरूड फुटलेल्या त्या पोराला आपल्या हातानं घास भरवायली, अन् ते गप खायलालं. बाप बाजूला बसून नुसता म्हणायला, "मार्काचं मरू दे रे. जेव तू."

सलमाला म्हणलं, "रोज नगं. पण वर्षातनं एकदा असं चुकत जा!"

*

मेलच्या खाली एक ओळ असती. मेल नगं असलं तर हितं दाबा. मला ते बिलकुल पटलं न्हाई. "जेवायला बसलेल्याला दार दाखवायचं व्हय?" सलमा म्हणली, "ठिवावंच लागतं मामा."

एक दिवस नांदेडच्याच दुसऱ्या एका बापानं दाबलं. मी लगेच फोन लावला. "काय चुकलं आमचं? तोंडावर सांगा!"

तिकडनं हळूच आवाज आला. "चुकलं काय न्हाई हो. पोरीचा डॉक्टरीला नंबर लागला, ती लांब गेली. पण तुमचं मेल आलं की तिची आई विचारती, आज काय भाजी? अन् मी सांगितलं की डोळे पुसत बसती. म्हणून बंद केलं."

मी फोन "बरं" म्हणून ठिवला.

चार दिवसानं त्याच माणसानं परत आपला पत्ता पाठवला. खाली लिव्हलं, 'आता विचारती, मेल कामून येईना म्हणून.'

*

अ‍ॅडमिशन आल्या. समोरच्यानं भोंगा लावला, गेटला फुगे बांधले. आमची ताटं वाढायची सोडून बावन्नवर! इस्माईलभाई अन् मी चुलीपाशी बसलो. सलमाला हाक मारली. "लिव्ह. शेवटचं मेल हाय."

'मेस ह्या महिन्याच्या शेवटाला बंद करून राहिलो. तुमचं लेकरू दुसरीकडं जेवंल. तिथल्या मेसवाल्याला ठावं असावं म्हणून खाली लिव्हलंय.'

मंग एकेक पोर घेतलं. मी सांगायचो, मी विसरलो तिथं इस्माईलभाई सांगायचा.

'उमरीचा गणेश. वांगं देऊ नगा, अंगाला खाज सुटती.

देगलूरची वैष्णवी. तिला पोळीच्या आधी भात लागतो. हसू नगा.

उदगीरचा अझहर. पेपरच्या दिवशी काहीच खात न्हाई. खिशात केळ घाला.

निलंग्याचा माधव. एकदा न्हाई म्हणतो. दुसऱ्यांदा विचारा.'

असे बावन्न. सलमानं टायपिंग करता करता दोनदा चष्मा पुसला. मी म्हणलं, "सगळ्याला सगळं जाऊ दे."

चौथ्या दिवशी सकाळी गेट उघडलं तर बाहेर गर्दी! वळखीचं एकबी तोंड न्हाई. मला वाटलं समोरच्याचे लोक हितं चुकून आलेत, म्हणून मी हात करून दाखवायलो, "मेस तिकडं हाय, तिकडं!" कोणी हलंना. पाहतो तर एकेकाच्या हातात आमच्या मेलची प्रिंट. उमरीच्या काचंवरनं काढलेली, मास्तरनं गावात वाटलेली, कोणी कोणाला पाठवलेली. एक बाई म्हणली, "मामा, आमच्याबी लेकराचं लिव्हून घ्या."

इस्माईलभाईनं मोठी देग खाली काढली. सलमा वही घेऊन बसली. एकजण सांगायचा, ती लिव्हायची. ताक, भाकरी, शेपू चालत न्हाई, कांदा कच्चा लागतो.

शेवटाला बिलोलीकडचा एक माणूस राह्यला. बाजूला पोरगं, काखंत पिशवी. हातात चिठ्ठी न्हाई, काय न्हाई. सकाळपासनं माझा घसा बसलता. मी खेकसलो, "बोला की! काय खातंय, काय न्हाई?"

तो खाली बघायला. "मला ठावं न्हाई मामा. त्याच्या मायला ठावं होतं. ती औंदा गेली." मंग म्हणला, "तुमी आठ दिवस बगा अन् मला मेल करा."

आठव्या दिवशी सलमाला म्हणलं, हे मेल एकट्यालाच जाऊ दे. 'तुमच्या पोराला वरणावर लसणाची फोडणी लागती, चरचर वाजलेली. अन् तळाचा लागलेला भात मागून घेतो.'

दोन दिवसानं बिलोलीच्या सायबरवरनं उत्तर आलं. एकच ओळ.

'तिलाबी तसंच लागायचं.'