मावशीचा लाल ओटा

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी सांडपाण्यावर नोकरी करतो. लग्नकार्यात कुणी विचारलं तर "केमिकलमध्ये आहे" एवढंच सांगून मी ताटाकडे वळतो. कारखान्यातून जे पाणी आमच्याकडे येतं, ते सिमेंटची टाकी आतून खाऊन टाकेल इतकं आम्लधर्मी असतं आणि त्यात आर्सेनिक असतं. आर्सेनिक म्हणजे जुन्या लोकांचा सोमल. पाण्यात आधी चुना सोडून त्याचा तीव्रपणा मारायचा, मग लोखंडाचा क्षार घालायचा. लालसर गाळ धरतो, सोमल त्याला चिकटून तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. साहेबलोक पाहुण्यांना ते काचेच्या ग्लासात दाखवतात. गाळ दाखवायला कुणी नेत नाही.

गाळ दाबून त्याच्या वड्या पाडणाऱ्या प्रेसवर एक मावशी होती. ठेकेदाराकडून कामाला आलेली, बारवी धरणाजवळच्या पाड्यातली. प्रेसच्या गाळणीच्या फडक्याला चिकटलेल्या वड्या खरवडायच्या आणि गोणीत भरायच्या, हे तिचं काम. हातमोजे फाटले की ठेकेदार नवे द्यायला इतका वेळ लावायचा की माझी त्याच्याशी कायम खडाजंगी. गोणीवर कवटीचं चित्र आणि खाली इंग्रजी. तिला तो कंपनीचा मार्का वाटायचा, आणि तसा नाही हे तिला कुणी बसवून सांगितलं नव्हतं.

वाळल्यावर तो गाळ हुबेहूब गेरूसारखा दिसतो. मावशीच्या पाड्यात दिवाळीआधी ओटा आणि भिंतीचा खालचा पट्टा गेरूने लाल करतात. त्या वर्षी तिची लेक पहिल्यांदाच बाळाला घेऊन माहेरी येणार होती. फेकून द्यायची माती आहे, घरी नेली तर कुणाचं काय जातं, असं समजून मावशीने डब्याच्या पिशवीतून थोड्या थोड्या वड्या नेल्या, शेणात कालवल्या आणि घर सजवलं. मग मला म्हणाली, "साहेब, फराळाला या. घर बघा माजा."

मी बदलापुरात राहतो, स्कूटरवर गेलो. लांबूनच लाल ओटा दिसला. तो रंग मी रोज बघतो. नातू पोटावर सरकत होता आणि त्याची लाल झालेली मूठ तोंडात होती. मी चपलांसकट ओट्यावर चढलो आणि पोराला उचललं. ते रडायला लागलं, लेक धावत आली. मला सगळं सांगावं लागलं, की हा गेरू नाही, कारखान्यातला सोमलाचा गाळ आहे. मावशी हातात चकल्यांची ताटली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. मला तिचा राग आला नाही. त्या इंग्रजी गोणीचा आला, ठेकेदाराचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कंपनीने गाजावाजा नको म्हणून झटपट माणसं पाठवली. ओटा खणला, भिंती खरवडल्या, सगळी माती कवटीच्या गोण्यांत भरून टेम्पोत चढवली. गोणीचं तोंड धरायला मावशी पुढे झाली, तर तिला लांब उभं केलं. पोराच्या तपासण्या झाल्या, सुदैवाने काही निघालं नाही. डॉक्टरांनी मावशीचे तळहात मात्र बराच वेळ दाबून पाहिले. त्यांवर कणसाच्या दाण्यांसारख्या टणक गाठी होत्या, सोमल अंगात मुरल्याच्या. त्यानंतर तिला प्रेसवरून काढून कंपनीच्या बागेत झाडलोटीला लावलं.

लेक फराळाच्या दिवशी संध्याकाळीच बाळाला घेऊन सासरी गेली, ती परत आली नाही. मावशीने नवी माती आणून ओटा घातला, नुसत्या शेणाने सारवला. मग अधूनमधून ती स्टीलच्या डबीत ओट्याची माती घेऊन माझ्याकडे यायला लागली. मी ती तपासून घ्यायचो. "चांगली आहे, मावशी" म्हटलं की ती तिथेच बागेत उभी राहून लेकीला फोन लावायची, "साहेबांनी सांगितला, चांगली हाय." पलीकडून काय उत्तर यायचं ते तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. नातू आता चालतो म्हणे. तिने ते फोनवर बघितलं.

गेल्या महिन्यात ती पुन्हा डबी घेऊन आली. माती स्वच्छच होती. मी तसं सांगितलं आणि ती फोन काढेल म्हणून थांबलो. तिने काढला नाही.

"काय झालं?"

"मातीचा नाय, साहेब," ती म्हणाली. "लेक म्हणते, माती बदललीस, पण पोराला घेशील ती याच हातांनी ना."

तिने हात पदराखाली घेतले. मी डबी धुऊन, पुसून तिला परत दिली.