जळालेल्या तेलाची बातमी

ब्रेकबाईंना गाडीतलं काही कळत नाही असं जगात दोनच माणसं समजत होती. दुर्दैव असं, की त्यातला एक त्यांचा मेकॅनिक होता आणि दुसरा सख्खा दीर.

बाकी गावाला त्यांची ओळख नीट होती. घराखालच्या खोलीत त्यांची गाडी शिकवायची शाळा होती आणि शाळेत एकच गाडी. म्हातारी, बुटकी, पण ऑटोमॅटिक. शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक बसवलेला, आणि त्या ब्रेकवर बाईंचा पाय. त्यावरूनच हे नाव पडलं. क्लच आणि गिअरच्या नादात रडकुंडीला आलेली माणसं शेवटी त्यांच्याकडे यायची. नवऱ्याने शिकवता शिकवता भर चौकात उतरवून दिलेल्या बायका, हात थरथरणारे निवृत्त मास्तर, एखादा पाय अधू असलेले. बाई गाडीत कधी कोणावर ओरडल्या नाहीत. आवाज चढवायचा असेल तर त्या खाली उतरायच्या, दार लावायच्या आणि मग चढवायच्या.

मेकॅनिक कामाला वाईट नव्हता. खोड एकच. गाडी कोणाही बाईने आणलेली असो, दुखणं सापडलं की हा फोन घेऊन गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे जायचा आणि तिच्या घरातल्या पुरुषाला सांगायचा. ब्रेकबाईंचा नवरा होता तोवर हा फोन त्याला जायचा. त्या बिचाऱ्याला गाडीचं दार कोणत्या बाजूला उघडतं एवढंच ठाऊक. तो ‘एक मिनिट हं’ म्हणायचा आणि दुसऱ्या फोनवरून बाईंना विचारायचा, "अगं, काय सांगू त्याला?" बाई गॅरेजच्या पुढच्या दारात उभ्या राहून उत्तर द्यायच्या, ते उत्तर घरी जायचं, आणि घरून मागच्या भिंतीपाशी यायचं. दोघं त्यावर पोट धरून हसायचे. नवरा गेला आणि ते पद कोणी न विचारता धाकट्या दिराकडे गेलं. तेव्हापासून हसू बंद झालं, कारण भाऊजी विचारत नसत. ते स्वतः उत्तर देत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाईंनी गाडी गॅरेजात नेली. गिअरबॉक्सचं तेल बदलायचं होतं. मेकॅनिकने तेल तपासायची पट्टी ओढली, फडक्याला पुसली, फडकं नाकाशी नेलं, आणि नेहमीसारखा भिंतीकडे चालता झाला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो, बघतो मी. तुम्ही बसा ना पंख्याखाली."

संध्याकाळी भाऊजी घरी आले. पाणी पिऊन म्हणाले, "वहिनी, सिंथेटिक तेल घालायला सांगितलंय मी त्याला. साधं नको."

"का बरं?"

"चांगलं असतं ते."

"चांगलं म्हणजे काय? आजवर साधंच घालत आलेय. कधी कुरकुर केली का गाडीने?"

"अहो, ते टेक्निकल असतं सगळं. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? मी आहे ना."

‘मी आहे ना’ हे तीन शब्द ऐकले की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. भाऊजी माणूस मायाळू. दुखण्याखुपण्याला धावून येणारे. पण स्वतः दुचाकीवर फिरणार आणि बाईंच्या गाडीचा कारभार घरबसल्या चालवणार, हे उंटावरून शेळ्या हाकणंच झालं. चिडायचं तरी कोणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाई चिडल्या तरी आंधळ्या होत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तडक गॅरेजात गेल्या आणि दोन्ही डबे समोर आणवले. गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी जो प्रकार सांगितला होता, तोच दोन्ही डब्यांवर छापलेला होता. म्हणजे नियमाने दोन्ही चालणार. सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकतं, साधं लवकर बदलावं लागतं, एवढं त्यांनाही माहीत होतं.

"माझ्या गाडीला सिंथेटिकच हवं, असं काही खास कारण आहे का?" त्यांनी सरळ विचारलं.

मेकॅनिकने मान खाजवली. "भाऊजींशी बोलणं झालंय माझं सगळं."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"ते बरोबर आहे, पण त्यांना विचारलंत का?"

झालं. पुढचं काम रागाने केलं. "साधं घाला," बाई म्हणाल्या. "आणि माझ्यासमोर घाला."

त्याने निमूट घातलं. तोंडात मूग धरून बसलेल्या त्या माणसाला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. ते तो बोलला नाही.

उन्हाळाभर गाडी शिकवणीत राबली. दहा पावलं जा, थांब. वळ, थांब. चढावर थांब, पुन्हा निघ. सगळ्यात जास्त सराव टेलरबाईचा चालला होता. तिचा एक पाय लहानपणापासून अधू. शाळांच्या गणवेशांचं मोठं काम तिला मिळत होतं, पण कापडाचे गठ्ठे गोदामातून स्वतः आणायची अट होती. मामाची जुनी ऑटोमॅटिक गाडी तिच्या दारात येऊन उभी होती. अडलं होतं ते फक्त लायसन्सचं. टेस्टची तारीख मिळवताना तिच्या चपला झिजल्या होत्या, आणि गणवेशवाले त्या तारखेपर्यंतच थांबणार होते.

"चढाची भीती वाटते हो," ती म्हणायची.

"चढ तुला घाबरेल," बाई म्हणायच्या. आणि खरंच, शेवटच्या आठवड्यात ती लोण्यातून सुरी जावी तशी चढावरून निघायला लागली.

टेस्टच्या दिवशी टेस्ट घेणारे साहेब बाईंच्या जागेवर बसले. बाई आखलेल्या रेषेबाहेर उभ्या. टेलरबाईने आठचा आकडा काढला, गाडी मागे घेतली, सगळं देखणं. चढाच्या मधोमध थांबली. साहेबांनी निघायची खूण केली. तिने पाय दाबला. इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. तिने आणखी दाबलं. इंजिन आणखी ओरडलं आणि गाडी मागे घसरायला लागली. रेषेबाहेर उभ्या बाईंचा पाय मातीत रुतून ब्रेक दाबत होता. गाडीत तो साहेबांनी दाबला. शिकवणाऱ्याचा ब्रेक दाबला गेला की टेस्ट संपली. तिथे गाडीचा दोष की माणसाचा, हे कोणी विचारत नाही.

टेलरबाई उतरली ती मान खाली घालून. "माझंच चुकलं, बाई. पाय बरोबर पडला नाही माझा."

पाय! तिचा पाय अगदी बरोबर पडला होता. इंजिन ओरडलेलं बाईंनी कानांनी ऐकलं होतं. तसं त्या तिला म्हणाल्याही, पण तिने ऐकल्यासारखं केलं नाही.

गाडी ओढून गॅरेजात आणली तेव्हा भाऊजी आधीच पोचले होते. मेकॅनिकने तेल काढलं. काळंकुट्ट, आणि करपलेल्या दुधासारखा वास.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," मेकॅनिक भाऊजींकडे बघत म्हणाला, "जुनं तेल जळालेलं आहे, दिवसभर थांब-चाल करून गिअरबॉक्स फार तापतोय, साधं तेल या उन्हाळ्यात तग धरणार नाही. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस," भाऊजी म्हणाले.

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "कोणाला म्हटलं होतं?"

मेकॅनिकने भाऊजींकडे बोट दाखवलं.

"तेल जळालंय हे मला कोणी सांगितलं? हे एकच वाक्य! मी तोंड उघडून विचारलं होतं, काही खास कारण आहे का म्हणून. तुम्ही भाऊजींचं नाव सांगितलंत. आणि भाऊजी, तुम्ही टेक्निकल म्हणालात! जळालं हा शब्द टेक्निकल आहे? स्वयंपाकघरात रोज वापरते मी तो."

"वहिनी, तुम्हाला काळजी नको म्हणून..."

"काळजी माझीच होती! गाडी माझी, शिकवणी माझी. कारण कळलं असतं तर सिंथेटिक मीच मागितलं असतं, आणि दुसऱ्याच दिवशी गिअरबॉक्स उघडायला लावला असता. तुम्ही हुकूम पाठवलात आणि कारण खिशात ठेवलंत. मग मीही हुकमाशी भांडले, तेलाचा विचार केलाच नाही. ते माझं चुकलं, ते मी कबूल करते. पण शिक्षा कोणाला झाली? चोर सोडून संन्याशाला फाशी! ती पोरगी घरी जाऊन पायाला दोष देत बसलीय."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मेकॅनिक म्हणाला, "गिअरबॉक्स उघडून बघतो. वाचेल बहुतेक."

"तो नंतर. आधी हात धुवा. दोघंही चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तिच्या घरी. तिचा पाय चुकला नव्हता हे तिला सांगायला. मी सांगितलं तर तिला वाटतं, बाई समजूत घालतायत."

तिघं रिक्षात दाटीवाटीने बसून निघाले. टेलरबाईच्या घराचं दार तिच्या भावाने उघडलं. मागे मशीनपाशी ती बसली होती. मशीन बंद, मांडीवर अर्धं शिवलेलं कापड, डोळे सुजलेले. मेकॅनिकने घसा साफ केला आणि दारातल्या भावाचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. "त्याचं काय झालं दादा, गिअरबॉक्सचं तेल..."

"त्याला नाही," ब्रेकबाई म्हणाल्या. आवाज चढला होता, आणि त्यांनी तो चढू दिला. "तिला सांगा."