आक्काच्या हाताचं मलम

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डातल्या माझ्या गाळ्यावर मिरचीच्या भावावरून घासाघीस करत होतो. आक्का माझी थोरली बहीण. तिच्या हडपसरच्या घरी मी तीन वर्षं भाऊबीजेला गेलो नव्हतो... कारण सांगायची आता लाज वाटते. मी गेलो त्या शेवटच्या भाऊबीजेला तिनं मला बोटानं नव्हे, काडीनं कुंकू लावलं. शेजारच्या पाटावरचा आतेभाऊ म्हणाला, "शेठ, तुम्हाला बहीणही हात लावत नाही म्हणायची." आक्का ओवाळत राहिली. मी न जेवता उठलो.

धंदा सुरू केला तेव्हा माणूस ठेवायची माझी ऐपत नव्हती. मिरचीचे देठ खुडायला आक्काच बसायची, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. हातांची आग झाली की ताकाच्या भांड्यात बुडवायची. पुढे पेरांवर चिरा पडल्या. डॉक्टरांनी मलम लिहून दिलंय, आणशील का, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हणालो, "खोबरेल लाव. मिरचीत बसणाऱ्याला कसले मलमाचे चोचले?" तिनं पुन्हा काही मागितलं नाही. काम सुटलं, तरी तिचे हात काही बरे झाले नाहीत. मी कधी नीट पाहिलेही नाहीत.

यंदा दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. "बाळू, ये की. यंदा बोटानं लावते." मला वाटलं, ही नमतेय, अजून थोडं ताणावं. समोरचा खाली येईपर्यंत थांबायचं, ही माझी धंद्यातली सवय... "बघू," म्हणालो आणि गेलो नाही. पुढच्या महिन्यात ती गेली.

तेराव्यानंतर भाचीनं देव्हाऱ्याच्या फळीवरून मलमाची ट्यूब काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "मामा, आईच्या चिरांना कुंकू झोंबायचं, रक्त यायचं. ते तुमच्या कपाळाला लागू नये म्हणून तिनं काडी घेतली होती. यंदा दसऱ्यापासून हे रोज दोनदा लावत होती. बोट भरून आलं होतं."

मला का नाही सांगितलं, मी विचारलं.

"सांगू नको म्हणाली. त्याला वाटेल, मिरचीचं बोलून दाखवतेय."

भाचीनंच सांगितलं, यंदाच्या भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत ताट मांडून ती दाराशी बसली होती. शेवटी अंगणात जाऊन तिनं चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो, त्या बायका ओवाळतात तसं.

ती ट्यूब आता गाळ्यावर माझ्या गादीशेजारी असते. शेपटाकडून घट्ट वळत आणलेली, जपून वापरलेली. पांढऱ्या झाकणावर कुंकवाचा एक ठसा आहे, बोटाचा. मी तो पुसू देत नाही.