रावणाचं समुपदेशन

गुन्हेगाराला शिक्षा करण्यापेक्षा माणसाला सुधारणं हे राज्याचं थोर कर्तव्य आहे, यावर माझी फार जुनी श्रद्धा आहे. समितीवर माझी नेमणूक झाली, त्याच्या आदल्या आठवड्यापासूनची.

जव्हारच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून मी निवृत्त झालो, तेव्हा सरकारला एक 'प्रतिष्ठित नागरिक' हवा होता. योजना अशी : गुन्हा किरकोळ असेल तर खटला उभा राहण्याआधीच आरोपीचं समुपदेशन करायचं, फिर्यादीची संमती घ्यायची आणि प्रकरण मिटवायचं. कार्यक्रम परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्यांनी 'सरकारी वकिलांसह' चालवायचा. प्रतिष्ठित नागरिकाने खुर्चीत बसायचं.

पहिलं प्रकरण मोखाड्याकडून आलं. खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचा एक शेतकरी गावच्या बोहाड्यात रावण होतो. बोहाड्यात मुखवटे घालून देव-दैत्यांची सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं. मागल्या वर्षी संबळवाल्याने ताल संथ धरला. रावणाने दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा लाकडी तलवार त्याच्या डोक्यात घातली. टेंगूळ आलं, फिर्याद झाली, आणि पोलिसांनी तलवारीबरोबर दहा तोंडांचा मुखवटाही जप्त केला. तेव्हापासून तो मुद्देमालाच्या खोलीत दारूच्या कॅनांशेजारी बसून होता.

आता बोहाडा बारा दिवसांवर आला होता. यंदा मुखवटा मिळाला नाही तर सोंग चुलतभावाकडे जाणार होतं.

"त्याला सोंग?" आरोपी मला म्हणाला. "गुरुजी, तो रावणासारखा चालत नाय. तलाठ्यासारखा चालतो."

समुपदेशन तीन दिवस चाललं. फिर्यादी रोज आरोपीच्याच मोटारसायकलवर मागे बसून यायचा.

"राग आला की आधी दहापर्यंत मोजायचं," परिवीक्षा अधिकारी म्हणाले.

आरोपीने मन लावून विचार केला. "एकाच तोंडानं का, साहेब?"

"तुमची काही तक्रार आहे अजून?" सरकारी वकीलबाईंनी संबळवाल्याला विचारलं.

"हाय ना. त्याचा मुखवटा कधी देताय? तो चुलतभाऊ नाचला तर मी वाजवायचा नाय."

"आणि याने परत मारलं तर?"

"मारंल की, मॅडम. रावण हाय तो."

हे वाक्य टिपणात 'फिर्यादी समाधानी' असं आलं.

मिटलंच होतं सगळं. अहवालावर अधिकारी आणि वकीलबाई दोघांच्या सह्या झाल्या की कोर्ट मुखवटा सोडणार होतं. पण आधी सही कुणाची? कार्यक्रम माझ्या खात्याचा, वकील नुसते सोबत, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. म्हणजे आधी बाईंनी सही करून सोबत दाखवावी. बाई म्हणाल्या, खटला माझा, मी तो सोडते म्हणून तुमचा कार्यक्रम आहे. तेव्हा आधी अधिकाऱ्यांनी प्रस्ताव सहीनिशी पाठवावा. जो आधी सही करील तो हाताखालचा, एवढं दोघांनाही मान्य होतं. दोघांची कार्यालयं समोरासमोर. फाइल आठ दिवस मधला व्हरांडा ओलांडत राहिली. शिपाई वैतागला आणि त्याने ती व्हरांड्यातच स्टुलावर ठेवली.

बोहाड्याला दोन दिवस उरले, तेव्हा आरोपी माझ्या घरी येऊन ओट्यावर बसला. चुलतभाऊ कसा चालतो ते त्याने एकदा करून दाखवलं. खरंच बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अहवालाच्या दोन प्रती काढल्या, दोघांना व्हरांड्यात समोरासमोर उभं केलं आणि शाळेत पोत्यांची शर्यत सोडायचो तसं "एक, दोन, तीन" म्हटलं. पहिल्या खेपेला दोघेही पेन टेकवून एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या खेपेला साहेबांचं पेनच उमटलं नाही, आणि ते बाईंना डाव वाटला. तिसऱ्या खेपेला सह्या झाल्या. मग प्रती बदलून पुन्हा तेच. संध्याकाळी कोर्टाने सोडलेला मुखवटा मोटारसायकलवरून गावी गेला. तो धरून मागे संबळवाला बसला होता.

अहवालाच्या खालच्या दोन रकान्यांत माझा शेरा हवा होता. आरोपीत अपेक्षित सुधारणा झाली असून फिर्यादीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे, असं मी लिहिलं.

बोहाडा ठरल्या दिवशी झाला. रावण आपल्याच घरून निघाला. संबळवाल्याने हेल्मेट घातलं होतं.